वहीत लिहिलेलं पाणी

विहिरीत टेप सोडायच्या आधी मोटर बंद आहे ना, हे दोघींनी दोनदा विचारून घेतलं. उपसा आदल्या रात्रीपासून थांबलेला हवा. तसा नसेल तर दिसतं ते विहिरीचं खरं पाणी नसतं, मोटरनं खाली ओढलेलं पाणी असतं. टेपच्या टोकाला एक जड लोखंडी नट बांधला होता. एकीनं तो कठड्यावरून अलगद खाली सोडला, दुसरी कान देऊन वाकून उभी राहिली. खालून ‘डुबुक’ असा बारीक आवाज आला तसा टेप थांबला. आठ मीटर चाळीस. कठड्याची उंची ऐंशी सेंटीमीटर, ती वजा केली आणि वहीत आकडा पडला : सात मीटर साठ. विहिरीचे म्हातारे मालक बाजूला उभे होते. त्यांनी टेपकडे पाहिलंही नाही. गेल्या दिवाळीला पाणी कितव्या पायरीला होतं आणि आज कितव्या पायरीला आहे, हे त्यांनी बोटानं दाखवलं. दोन्ही हिशेब एकमेकांना धरून होते.

हे गाव पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं. एका विहिरीवरून तिथे अजून कुरबुर चालू आहे, म्हणून गावाचं नाव इथे देत नाही. बचत गटातल्या या दोघी दर महिन्याला पाच विहिरी मोजतात, पावसाळ्यात रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात, आणि ते सगळं शाळेच्या शंभरपानी वहीत लिहितात. त्या वहीसाठीच मी तिथे गेलो होतो.

‘शाश्वत विकास’ हा शब्द आपल्याकडे आता ग्रामसभेच्या इतिवृत्तातही सापडतो. 1987 च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानं तो जगभर नेला. 1992 च्या रिओ परिषदेतल्या ‘अजेंडा 21’नं स्थानिक कारभाराला त्यात स्वतंत्र प्रकरण दिलं, आणि 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं 17 उद्दिष्टं ठरवली. या काळात स्थानिक विकासावर संशोधनाचा डोंगर उभा राहिला. पद्धती बदलल्या, उपग्रहाची चित्रं आली, संगणकाची प्रारूपं आली. पण महाराष्ट्रातल्या गावांपुरतं पाहिलं तर मला त्यात एकच गोष्ट खरोखर मोलाची वाटते. शंभर वर्षं ज्या गावांचा अभ्यास इतरांनी केला, त्यांपैकी काही गावं आता स्वतः अभ्यासाला बसली आहेत. आणि जिथे नोंद गावाच्या हातात राहिली, तिथेच काम टिकलेलं दिसतं.

शंभर वर्षं हा आकडा मी सहज लिहिलेला नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरटी अभ्यास केला आणि तो 1917 मध्ये पुस्तकरूपानं आला. भारतातल्या ग्रामअभ्यासांच्या परंपरेत त्याचं स्थान फार वरचं आहे. मान यांनी जुनी दप्तरं उलगडून दाखवलं की 1771 मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र 40 एकर होतं, ते 1914–15 पर्यंत 7 एकरांवर आलं. तुकडे नुसते लहान झाले नव्हते, ते शिवारभर विखुरलेही होते. बहुतेक घरं केवळ शेतीवर तगू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. इतकं बारीक, इतकं कळवळ्यानं केलेलं काम! पण ते इंग्रजीत होतं आणि वाचणारे मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत किंवा विलायतेत होते. ज्यांच्या चुलीपर्यंत जाऊन माहिती घेतली, त्यांना तिचा उपयोग करता यावा अशी काही सोय त्या काळच्या पद्धतीत नव्हती. आज पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आहेत आणि शेत शोधावं लागतं. मान यांचं पुस्तक मात्र आजही संदर्भासाठी उघडलं जातं. गाव गेलं, अभ्यास राहिला.

या परंपरेला पहिला मोठा छेद बसला तो 1972 च्या दुष्काळात, आणि तो देणारा माणूस समाजशास्त्रज्ञ नव्हता. विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसं पाहून ते तिथेच गुंतले. नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन त्यांनी भाडेपट्ट्यानं घेतली, पत्नी कल्पनाताईंबरोबर तिथे राहायला गेले आणि त्या उतारावर पडणाऱ्या पावसाचं काय होतं, हे बघत बसले. ताली घातल्या, पायथ्याला पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली, वर पाणी चढवलं. ती 40 एकर म्हणजे एक उघडी प्रयोगशाळाच होती आणि तिला कुंपण नव्हतं. आसपासचे शेतकरी येत, बघत, वाद घालत.

त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणशी मिळेल. दरडोई अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना. ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकलं जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी घालायचा. पाण्याची मालकी जमिनीच्या मालकीपासून सोडवणारा हा विचार अर्थशास्त्राच्या वर्गातून आला नव्हता, तो नायगावच्या माळावर सुचला. 1990 मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संपत्ती सांभाळणाऱ्या समाजांच्या नियमांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी मांडलेल्या कितीतरी गोष्टी पुरंदरमध्ये त्याआधीच रोजच्या वहिवाटीत आल्या होत्या : आपले नियम आपण करणं, राखण आपण करणं, तंटा जागच्या जागी मिटवणं.

साळुंखे 2002 मध्ये गेले. त्याच वर्षी ओडिशानं ‘पाणी पंचायत’ या नावाचा कायदाच केला. पण त्यात पाण्याचा हक्क लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाशीच बांधलेला राहिला. पुरंदरचं नाव तेवढं गेलं, भूमिहीनाचा वाटा गेला नाही. स्थानिक प्रयोग मोठा करायचा म्हणजे काय, यावर आज जगभर अभ्यास होतात. या एका उदाहरणात त्यातलं सगळ्यात अवघड दुखणं दिसतं. आराखडा उचलून नेता येतो, पण तो ज्या न्यायबुद्धीवर उभा असतो ती वाटेतच गळते.

पुरंदरहून नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजारला आलं की मोजणी म्हणजे काय ते नीट कळतं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, डोंगरावरचे सलग समतल चर ही कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला त्या गावात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस संपला की किती पडला, किती मुरला, किती शिल्लक आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, आणि उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं हे ठरतं. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही.

हा ताळेबंद मांडणं अवघड नाही. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून बघावा. समजा, गावाचं शिवार हजार हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे साऱ्या शिवारावर 400 कोटी लिटर पडलं. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की आता चिंता नाही. पण त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्या काळ्या खडकात जमिनीखाली उतरतो तो साधारण दहावा हिस्सा धरू, म्हणजे 40 कोटी लिटर. गावात दीड हजार माणसं असतील आणि माणशी रोज 55 लिटर धरलं, तर वर्षाचे तीन कोटी लिटर झाले. उरले 37 कोटी. आता ऊस घ्या. हेक्टरी वर्षाला अंदाजे दोन कोटी लिटर पाणी तो पितो. म्हणजे हजारातल्या अवघ्या अठरा-एकोणीस हेक्टरांवर ऊस लागला की त्या गावचं जमिनीखालचं पाणी संपलं. बाकीच्या साडेनऊशेहून जास्त हेक्टरांनी आभाळाकडे बघायचं.

हिशेबात आकडे थोडे इकडचे तिकडे होतील. पण हे गणित एकदा गावासमोर भिंतीवर लिहिलं गेलं की मग कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे त्याच्या नशिबावर सोडून देता येत नाही. विहीर त्याची असते, पाणी शिवाराचं असतं.

शिवाराचं तरी म्हणावं का, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. एकावर एक लाव्हाचे थर. वर मुरूम, मग कुठे भेगाळलेला, कुठे भोकं भोकं असलेला मांजऱ्या खडक आणि कुठे ज्यात पहारही शिरत नाही असा अखंड कातळ. पाणी साठतं ते मुरमात, भेगांत, मांजऱ्यात. एका विहिरीला झरा लागतो आणि दोनशे फुटांवरची कोरडी निघते ती यामुळे. भूजलधारक थराची हद्द तलाठ्याच्या नकाशाप्रमाणे चालत नाही. कधी एका गावाखाली दोन-तीन वेगळे थर असतात, कधी एकच थर तीन गावांखाली पसरलेला असतो. पुण्यात 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲक्वाडॅम’ या संस्थेनं, डॉ. हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे भूशास्त्र गावकऱ्यांना शिकवायला घेतलं. विहिरीच्या भिंतीवरचे थर बघायचे, ओढ्यात उघडे पडलेले खडक बघायचे, विहिरीची पातळी मोजायची आणि मग नकाशा काढायचा. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादला अशा अभ्यासाच्या जोरावर गावानं शेतीसाठी बोअर न घेण्याचं ठरवलं आणि विहिरी वाटून वापरल्या. 2019 च्या डिसेंबरात महाराष्ट्रासह सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडा हे मुख्य काम ठरलं, त्यामागे अशा प्रयोगांची पुण्याई आहे.

पुरंदरच्या त्या दोघींपैकी एक दहावी नापास आहे. मांजऱ्या कुठे संपतो आणि कातळ कुठे सुरू होतो, हे तिनं मला विहिरीत बोट दाखवून समजावलं. कातळाच्या वर एक ओला पट्टा होता, त्यावर शेवाळ धरलेलं. झरा तिथून येतो, असं ती म्हणाली. तिच्या सासूबाई त्या पट्ट्याकडे पाहून उन्हाळा कसा जाणार ते सांगायच्या. आता ती वही पाहून सांगते.

संशोधनानं यशाचीही झडती घेतली, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. जालना जिल्ह्यातलं कडवंची घ्या. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळ यांच्या पुढाकारानं तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं. पाणी आलं, द्राक्षं आली, टुमदार घरं आली. मराठवाड्यासारख्या भागात हे किती अवघड आहे, हे तिथल्याच माणसाला कळेल. द्राक्षबागेला उन्हाळ्यात पाण्याची हमी लागते म्हणून शेततळी आली, प्लास्टिकचं अस्तर घातलेली. कल्पना अशी होती की तळ्यात पावसाचं वाहतं पाणी धरायचं. पुढे महाराष्ट्रभर काय होत गेलं ते अभ्यासकांनी शेतात जाऊन पाहिलं. ‘वॉटर’ या संस्थेच्या संशोधनातून आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. पुष्कळ तळी पावसाच्या पाण्यानं भरत नाहीत. पावसाळा सरता सरता विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून ती भरली जातात. जमिनीखाली होतं तोवर ते साऱ्यांचं होतं आणि उन्हापासून झाकलेलं होतं. ते वर येऊन एकाच्या अस्तरात बंद झालं आणि वाफ व्हायला लागलं. ज्याचं तळं मोठं त्याची बाग मोठी. बाग मोठी झाली की आणखी तळं. शेजाऱ्याची विहीर मात्र जानेवारीतच तळ दाखवते.

2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली तेव्हा या निष्कर्षांची गरज फार होती. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यानं बागेवर कर्ज काढलेलं असतं. पण तळं मोजलं जातं, त्याचं अनुदान मोजलं जातं, आणि ते कुठल्या पाण्यानं भरलं हे कुणी मोजत नाही. संशोधकानं नेमका तोच न मोजलेला आकडा शोधला.

जलयुक्त शिवारचंही थोडंफार तेच झालं. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर 9,600 कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात त्याला फारसं यश आलं नाही, असं महालेखापालांच्या 2020 मधल्या अहवालानं म्हटलं. ओढे यंत्रानं खरवडून खोल केले गेले, तेव्हा माथ्यावरचं काम आधी झालं का, खालचा खडक कुठला, हे किती ठिकाणी पाहिलं गेलं? हा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि त्यावर पुष्कळ लिहूनही झालं आहे, म्हणून इथे एवढंच. 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेनं श्रमदानाबरोबर गावकऱ्यांचं प्रशिक्षणही धरलं, ही मला त्यातली जास्त टिकाऊ बाजू वाटते. आधी शिकणं, मग कुदळ.

आयआयटी मुंबईचा उल्लेख झाला आहे तर तिथल्या ‘सितारा’ या केंद्राबद्दल सांगायलाच हवं. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधायला ते 1985 मध्ये स्थापन झालं. तिथले प्रा. मिलिंद सोहोनी हे मुळात गणिताच्या अंगानं जाणारे संगणकशास्त्रज्ञ. त्यांचा आग्रह साधा आहे. विद्यापीठानं आपल्या भोवतालच्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत आणि विद्यार्थ्याचा प्रकल्प हा तालुक्याच्या कामाचा कागद व्हावा. टँकर लागणाऱ्या वाडीत जाऊन मुलांनी बघायचं की नळयोजना आहे, टाकी आहे, मग पाणी का येत नाही? चढाचा हिशेब चुकला का? विजेचं बिल थकलं का? विहिरीचा झराच मार्चमध्ये आटतो का? 2016 मध्ये राज्य सरकारनं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ म्हणून या विचाराला शासकीय रूप दिलं. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी या गटानं माती, उतार, पाऊस आणि पीक धरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढणारं प्रारूप तयार केलं. पाच हजारांहून अधिक गावं त्या प्रकल्पात होती. मोठ्या संस्थेनं एवढ्या खाली वाकून पाहिलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तरीही एक शंका उरते. प्रारूप आयआयटीत असेल आणि वही गावात नसेल, तर प्रकल्प संपल्यावर काय राहील? या शंकेचं सगळ्यात चांगलं उत्तर मला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात सापडतं, मेंढा (लेखा) या गोंड वस्तीत. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, 2013 मध्ये गावानं ग्रामदान स्वीकारलं. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. त्यामागची तयारी मात्र फारशी कुणी पाहिली नाही.

मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका असतात. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यास गट. ग्रामसभा निर्णय घेते आणि तो सर्वसहमतीनं घेते, एकाचाही विरोध असेल तर थांबते. अभ्यास गट निर्णय घेतच नाही. तो फक्त समजून घेतो. ज्याला यायचं त्यानं यावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, कायद्याचं कलम असो की मधमाशीचं पोळं, त्यावर तासन् तास बोलावं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं जोपासली. माधव गाडगीळांसारखे शास्त्रज्ञ इथे आले तेही गावाबरोबर अभ्यासाला बसण्यासाठी. मध काढताना पोळं जाळायचं नाही, माशा मारायच्या नाहीत, हा विचार अशा चर्चेतूनच पक्का झाला.

निर्णयाचा दबाव नसला की माणूस मोकळेपणानं अज्ञान कबूल करतो. ग्रामसभेत ज्याला बोलायचा धीर होत नाही, तो अभ्यास गटात प्रश्न विचारतो. आणि मग निर्णयाची वेळ येते तेव्हा तो प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा झालेला असतो. आमच्या विद्यापीठांतल्या कितीतरी चर्चासत्रांना मी बसलो आहे, ही साधी वाटणी मला तिथे कधी दिसली नाही.

याउलट चित्रही सांगतो. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं 17 उद्दिष्टांचे गावासाठी नऊ विषय केले : दारिद्र्यमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, स्त्रीस्नेही गाव वगैरे. त्यावर निर्देशांक आला, गुण आले, क्रमवारी आली. विषय चांगले आहेत. पण ‘जलसमृद्ध’च्या रकान्यात काय भरायचं, हे ठरतं पंचायतीच्या संगणकावर, तारीख टळायच्या आत. ज्या बाईनं टेप सोडला तिला त्या रकान्याचा पत्ता नसतो, आणि रकाना भरणाऱ्याला विहिरीचा. या दोघांची गाठ घालून देणं हे पुढच्या दहा वर्षांतल्या संशोधकाचं काम आहे, असं मला तळमळीनं वाटतं.

पुरंदरच्या त्या वहीकडे परत येतो. संध्याकाळी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून ती चाळली. तीन वर्षांच्या नोंदी होत्या, काही निळ्या शाईत, काही लाल, एका पानावर पावसाचे थेंब पडून आकडे पसरलेले. पाच विहिरी, पाच रकाने. पाचव्या रकान्यात गेले चौदा महिने आकड्याऐवजी आडवी रेघ होती. त्या मालकानं शेजारी खोल बोअर मारला आहे आणि मोजणीसाठी तो मोटर थांबवत नाही. मी विचारलं, मग ती विहीर सोडून दुसरी का धरत नाही?

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरी धरली तर मागचा हिशेब जुळणार नाही, मोठी म्हणाली. म्हणून दर महिन्याला टेप घेऊन त्या तिथे जातात, मोटर बंद करता का विचारतात, नाही म्हटलं की वहीत रेघ ओढतात. गेल्या महिन्यात त्या मालकाच्या सुनेनं आतून पाणी आणून दिलं आणि वहीत काय लिहिता ते बघायला मागितलं. पुढची मोजणी नोव्हेंबरच्या पंचवीसला आहे.